पन्नास वॅटचा वाटा

दिवाळी अंकात विजेच्या काटकसरीवर लिहायचे म्हणजे लग्नघरात उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण वाचकहो, घाबरू नका. आकाशकंदील उतरवा, रोषणाई काढून टाका, असे काही मी सांगणार नाही. उलट दिवा हा आपल्या विजेच्या बिलातला सगळ्यांत गरीब आणि निरपराध सभासद आहे. खरे खादाड दुसरेच आहेत, आणि ते घरात अगदी सोज्वळ चेहऱ्याने वावरत असतात. हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. कसे कळले, त्याचीच ही हकीकत.

मी शहादा भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. शास्त्र विषयाशी माझी सोयरीक दहावीलाच तुटली. विजेचे बिल आले की शेवटचा आकडा पाहायचा, 'बाप रे!' म्हणायचे आणि कागद ह्यांच्या हाती द्यायचा, एवढेच माझे विद्युत्‌ज्ञान. आमच्या घरात विजेचा हिशेब ठेवणारे एकच माणूस, ते म्हणजे सासूबाई. त्यांचे माहेर साक्री तालुक्यातले. लहानपण कंदिलाच्या उजेडात गेलेले. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्या दारात उभ्या राहून अहिराणीत विचारतात, "हाऊ पंखा कोनासाठे फिरी राह्यना?" हा पंखा कोणासाठी फिरतो आहे?

या प्रश्नाला उत्तर नसते. म्हणून मी कित्येक वर्षे चिडून म्हणत आले, "आई, एवढ्याने काय होणार आहे?"

'नदी उलटी आली'

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'उजेड' या विषयावर निबंध लिहायला सांगितला. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे अज्ञानाचा अंधार घालवून ज्ञानाचा उजेड पाडला होता. धडगावकडच्या एका मुलाने मात्र जेमतेम दीड पान लिहिले होते. त्यात एक वाक्य असे होते : 'आमच्या घरी तीन वर्षे उजेड होता, मग नदी उलटी आली.'

मी तांबड्या शाईने खाली रेघ मारली आणि समासात शेरा लिहिला, 'अर्थबोध होत नाही. वाक्यरचना सुधारावी.'

दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन प्राध्यापकांच्या खोलीत आला. मोठ्या अदबीने म्हणाला, "मॅडम, वाक्य बरोबर आहे. बाबा तसेच सांगतात."

आणि मग त्याने मला बिलगावची गोष्ट सांगितली. मी याच जिल्ह्यात राहते, पण ती मला धड ठाऊक नव्हती. घरी येऊन मी मिळेल ते वाचून काढले.

बिलगाव हे अक्राणी, म्हणजे धडगाव तालुक्यातले, सातपुड्याच्या कुशीतले गाव. तिथे उदई नदीला धबधबा आहे. ही नदी पुढे नर्मदेला मिळते. विजेच्या तारा या डोंगरात पोचल्या नव्हत्या. तेव्हा गावकऱ्यांनी ठरवले की आपणच आपली वीज करायची. केरळातल्या 'पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी' या संस्थेचे तरुण अभियंते मदतीला आले, नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते होतेच, आणि श्रमदान गावाने केले. बांध घातला, पाट खणला, पाणी पाइपातून खाली सोडून जनित्र फिरवले. जानेवारी २००३ मध्ये बिलगावात दिवे लागले. प्रकल्पाची शक्ती होती १५ किलोवॅट, आणि घरे होती बारा पाड्यांवरची सुमारे तीनशे. २००४ साली आलेला 'स्वदेश' हा हिंदी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. गावकरी पाणी अडवून वीज करतात आणि एका म्हातारीच्या तोंडावर उजेड पडतो, त्या प्रसंगामागे बिलगावसारख्या प्रयत्नांचीच प्रेरणा होती.

चित्रपट तिथे संपला. बिलगावची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाचा फुगवटा वाढला आणि पाणी उदईच्या पात्रात मागे चढत आले. नदी खालून वर आली! ज्या पाण्याने जनित्र फिरायचे त्याच पाण्याखाली ते गेले. 'नदी उलटी आली' या तीन शब्दांत त्या मुलाच्या बापाने जे सांगितले, ते मला तीन पानांत सांगता आले नसते. मी त्याची वही मागून घेतली, माझा शेरा खोडला आणि खाली सही केली. मास्तरकीच्या वीस वर्षांत स्वतःचा शेरा खोडण्याची ती माझी पहिलीच वेळ.

तो निघाला तेव्हा सहज वर पाहिले. खोलीत आम्ही दोघेच होतो आणि सहा पंखे फिरत होते.

घरातली शिरगणती

आमच्या शेजारच्या टेबलावर पदार्थविज्ञानाचे एक सर बसतात. त्यांना मी विचारले, "सर, १५ किलोवॅट तीनशे घरांना वाटले, तर एकेका घराच्या वाट्याला काय येते?"

"पन्नास वॅट," ते लगेच म्हणाले. मग वरच्या जुन्या पंख्याकडे बोट दाखवून हसले. "हा एकटा पंच्याहत्तर खातो, मॅडम."

म्हणजे एका घराच्या वाट्याला एक पंखासुद्धा येत नव्हता! तरीही त्या पन्नास वॅटसाठी माणसांनी डोक्यावरून दगड वाहिले होते. त्या दिवशी घरी आल्यावर मी वही-पेन्सिल घेतली आणि घराची शिरगणती केली. माप एकच धरले : पन्नास वॅट म्हणजे एक वाटा, बिलगावचे एक घर. आमच्या घरातली एकेक वस्तू किती घरांचा वाटा खाते?

वाचकांना हा खेळ मजेचा वाटेल, म्हणून माझी वही उघडी करते. नऊ वॅटचे एलईडी दिवे पाच लावले तरी एक वाटा पुरा होत नाही. जुना छताचा पंखा दीड वाटा. पंधरा वर्षांचा आमचा फ्रीज दिवसाला सुमारे सव्वा युनिट घेतो, म्हणजे दिवसरात्रीची सरासरी धरून एक वाटा. इस्त्री वीस वाटे. पाणी चढवणारी एक अश्वशक्तीची मोटर वीस वाटे. दीड टनी वातानुकूलन यंत्र सुमारे तीस वाटे. आणि न्हाणीघरात भिंतीला टांगलेला, पांढराशुभ्र, गरीब चेहऱ्याचा गिझर? दोन हजार वॅट. चाळीस वाटे! मी सकाळी गिझरचे बटण दाबते तेव्हा चाळीस घरांचा एक अख्खा पाडा माझ्या न्हाणीघरात येऊन उभा राहतो.

अर्थात बटण किती वेळ चालू राहते, त्यावर सगळे अवलंबून. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट झाले. मिक्सर पाचशे वॅटचा असला तरी चटणीला दोन मिनिटे पुरतात, त्याची धास्ती नको. पण पाणी तापवण्याला शॉर्टकट नाही. सरांनी मला हिशेब करून दाखवला. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा दिवा चौसष्ट तास जळतो. पन्नास वॅटचे घर साडेअकरा तास, म्हणजे तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत, उजळून निघते. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण उटणे लावून जी एक बादली डोक्यावर घेतो, ती बिलगावच्या एका घराची रात्रभराची दिवाळी असते.

सांगायचे तात्पर्य, दिवे स्वस्त आहेत, उष्णता महाग आहे. विजेने जे तापते, थंड होते किंवा वजन उचलते, त्याच्यावर आधी नजर ठेवावी. आपण मात्र आयुष्यभर पोरांना दिव्याच्या बटणावरून रागावत असतो!

मीटरचा लाल डोळा

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय फुकटचा आहे. रात्री घरातली सगळी बटणे बंद करा आणि मीटरपाशी जाऊन उभे राहा. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज जात असेल तसा तो लुकलुकतो. सगळे बंद असूनही तो लुकलुकत असेल, तर घरात कोणीतरी चोरून जेवते आहे.

आमच्याकडे तो लुकलुकला. सासूबाई म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून सांगते आहे." शोध घेता घेता दूरचित्रवाणीखालचा सेट-टॉप बॉक्स सापडला. आम्ही फक्त रिमोटने पडदा काळा करत होतो. पेटी रात्रंदिवस जागीच. दहा वॅट धरले तरी दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस मिळून सात युनिटांहून अधिक होतात. आता झोपताना भिंतीवरचे बटण बंद होते.

दुसरा उपाय पंख्यांचा. खानदेशात पंखा ही चैन नव्हे. मार्च ते ऑक्टोबर तो थांबतच नाही. बाजारात हल्ली बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात, ते तेवढाच वारा तीस वॅटच्या आसपास देतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकनाची पट्टी सक्तीची झाली आहे, तेव्हा विकत घेताना रंगाआधी तारे मोजावेत. आम्ही चार पंखे बदलले. ह्यांनी किंमत ऐकून कुरकुर केली. मी म्हटले, दिवसाचे दहा तास धरले तर महिन्याला ५४ युनिट वाचतात, बसा गुणाकार करत. चोक असलेल्या जुन्या नळ्या चाळीस वॅटच्या म्हणवतात, पण चोकसकट पंचावन्नच्या घरात जातात. त्यांच्या जागी वीस वॅटच्या एलईडी नळ्या पाच बसवल्या. रोज पाच तास जळल्या तर महिन्याला २६ युनिट वाचतात.

फ्रीज भिंतीला चिकटून होता, तो वीतभर पुढे ओढला. त्याच्या पाठीची उष्णता निघून जायला वाट हवी. गरम भाजी आत ठेवायची नाही. दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावावे. कपटा सहज ओढून निघाला तर रबर गेले असे समजावे.

उन्हाळ्यातल्या गारव्याचे म्हणाल, तर आमच्याकडचा उन्हाळा कोरडा. अशा हवेत पाण्याचा कूलर दोनशे वॅटच्या आत खोली निववतो. वातानुकूलन यंत्राचा धनी व्हायचेच असेल, तर काटा चोवीस अंशांवर ठेवावा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वर सरकवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे मुळात चोवीसवरच सुरू होतील अशी बांधून येतात. आपण त्यांना उगाच अठरावर ओढतो आणि वर गोधडी पांघरून झोपतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीच्या भिंती होत्या, छतावर मातीचा थर होता, तो उगाच नव्हता. स्लॅबच्या घराला तसे करता येत नाही, पण उन्हाळ्याच्या तोंडी गच्चीला पांढरा चुना फासला तरी खालच्या खोलीला फरक जाणवतो. आमच्याकडे जाणवला.

चुलीपासून गोधडीपर्यंत

स्वयंपाकघरात मात्र मी सासूबाईंची शिष्या झाले. त्यांच्या आईच्या घरी चुलीला वैल होता. पुढे भाकरी, मागे वैलावर त्याच जाळावर वरण. भाकऱ्या झाल्या की लाकूड ओढून विझवायचे, निखाऱ्यांवर दूध ठेवायचे. एकाच जाळाची तीन कामे! आपण गॅसवर दूध, वरण, पाणी यांना तीन वेगळे जाळ देतो, आणि तेही भांड्याच्या कडेबाहेर निघणारे. कडेबाहेरची ज्योत भांडे तापवत नाही, स्वयंपाक करणाऱ्या बाईला तापवते.

इंधन वाचवण्याचा विचार आपल्याकडे जुना आहे. बंगालच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली इकमिक कुकर काढला, थोड्या कोळशावर डाळ, भात, भाजी एकावर एक शिजवणारा. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने मगन चूल बनवली, धूर बाहेर आणि आच आत ठेवणारी. १९५९ च्या सुमारास आपल्या देशात प्रेशर कुकर बनू लागले, आणि पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास तापल्याने डाळ निम्म्याहून कमी वेळात शिजू लागली. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी तर उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला. त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचे जेवण शिजते. त्या कामाला २००२ साली लंडनचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. आमच्या शहाद्याच्या उसाच्या पट्ट्यात पाचट शेतातच पेटवलेले दिसते, तेव्हा मला ते शंभर ग्रॅम आठवतात.

घरच्या घरी करण्याजोगा सगळ्यांत सोपा प्रयोग गवताच्या पेटीचा. महायुद्धाच्या काळात इंधनटंचाई झाली तेव्हा इंग्लंडमधल्या बायका ही पेटी वापरत. पातेले चांगले उकळवायचे आणि उतरवून गवत भरलेल्या पेटीत झाकून ठेवायचे. उष्णता बाहेर जात नाही, अन्न आपल्याच वाफेत शिजते. मी गवताऐवजी जुनी गोधडी घेतली. पहिल्या रविवारी खिचडी पुरती उकळू न देताच गुंडाळली. तासाभराने उघडली तर डाळ दाताखाली खडे लागावेत तशी. ह्यांनी शांतपणे विचारले, "ही खिचडी वीज वाचवते की जेवणारी माणसे?" दुसऱ्या रविवारी तांदूळ-डाळ आधी अर्धा तास भिजवली, झाकण ठेवून दहा मिनिटे खळखळ उकळू दिली आणि मग गुंडाळली. तासाभराने मऊसूत खिचडी! एक सावधगिरी मात्र हवी. गोधडीतले अन्न गरम असतानाच वाढावे, कोमट करून रात्रभर ठेवू नये.

कोणी म्हणेल, दहा मिनिटांच्या गॅससाठी एवढा खटाटोप? आमच्या शहरी ओट्यापुरते ते खरे असेल. पण सातपुड्याच्या पायवाटांवर डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायका मी पाहते. त्यांच्या घरी झाकण ठेवून, भिजवून, उष्णता राखून शिजवले, तर वाचणारे लाकूड म्हणजे वाचलेली चाल आहे आणि डोळ्यांत न गेलेला धूर आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस पुष्कळ घरांत पोचला, पण टाकी संपली की पुन्हा भरण्याचे पैसे हातात असतातच असे नाही. त्या घरात टाकी आठ दिवस जास्त पुरली, तर चूल आठ दिवस कमी पेटते.

फुकटचा विस्तव

नंदुरबारला एस. टी.ने जाताना थंडीच्या दिवसांत शहराबाहेर लाल गालिचे पसरलेले दिसतात. त्या मिरचीच्या पथाऱ्या. एवढी मिरची विजेने वाळवायची म्हटली तर किती गिझर लागतील, याचा हिशेब पदार्थविज्ञानाच्या सरांनीही करायला नकार दिला. धडगावकडे कैरीच्या फोडी उन्हात वाळून आमचूर होतो. आमच्या गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळतात. सूर्य हा आपल्याकडचा सगळ्यांत जुना कामगार आहे, आणि तो मजुरी मागत नाही.

हे कळल्यावर आम्ही गिझरला पेन्शन दिली आणि गच्चीवर सोलर बसवले. वर्षातले बहुतेक दिवस सकाळचे पाणी त्यावर भागते. पावसाळ्यातले थोडे दिवस गिझर पुन्हा कामावर रुजू होतो. शिर्डीच्या संस्थानाने तर २००९ मध्ये ७३ परावर्तक तबकड्या बसवून उन्हाने वाफ केली आणि भक्तांचा स्वयंपाक त्या वाफेवर शिजवला. एवढ्या पंगती उन्हावर उठू शकतात, तर आपली एक बादली का नाही?

नोकरीच्या ठिकाणी

घरचे सोपे, नोकरीच्या ठिकाणचे कठीण. घरचे बिल आपल्याला येते, नोकरीच्या ठिकाणचे कोणालाच येत नाही. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीला चांगल्या तीन मोठ्या खिडक्या आहेत. त्यांना जाड पडदे, आणि पडद्यांमुळे अंधार होतो म्हणून भर दुपारी नळ्या पेटलेल्या! मी पडदे सरकवले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लागलेले. चार दिवस आमचे मूकयुद्ध चालले. शेवटी बटणांच्या फळीवर मी सासूबाईंचा प्रश्न अहिराणीत लिहून चिकटवला. 'कोनासाठे?' एवढाच. मंडळी हसली. पण हसत हसत बटणे बंद होऊ लागली. मराठीतल्या नऊ परिपत्रकांनी जे झाले नव्हते ते अहिराणीच्या एका शब्दाने झाले.

गच्चीवरच्या टाकीचे पाणी रोज वाहून जाई. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते तीन मजले वर उचलायचे आणि गटारात सोडायचे! टाकीत एक तरंगते बटण बसवल्यावर मोटर आपोआप थांबू लागली. संगणक जेवणाच्या सुट्टीत निदान पडद्यापुरते बंद करावेत, छपाईचे यंत्र कामापुरतेच चालू करावे, असे ठरले. ते निम्मे पाळले जाते. निम्मे का होईना.

शेतावर तर हा हिशेब आणखी मोठा. माझ्या दिरांची तापीकाठी पपई आणि केळी आहे. त्यांच्या पंपाला आपोआप सुरू होणारे बटण होते. रात्री वीज आली की पंप सुरू, पिकाला तहान असो वा नसो. ते काढले, फूटव्हॉल्व्ह बदलला, अरुंद पाइपाच्या जागी रुंद टाकला, ठिबक तर होतेच. पंप आता कमी तास चालतो आणि पपईच्या मुळांशी पाणी साचत नाही, हा वरचा फायदा.

वाचलेली वीज जाते कुठे?

हे सगळे करून गेल्या सप्टेंबरचे बिल आले. त्याआधीच्या वर्षी त्याच महिन्यात २४६ युनिट होते, ते १५९ झाले. ८७ युनिट वाचले. आपल्या राज्यात शंभर युनिटांनंतर आणि तीनशे युनिटांनंतर दर चढत जातो, त्यामुळे वाचतात ती वरची, महाग युनिटे. पण मला पैशांपेक्षा दुसराच हिशेब सुचला. पन्नास वॅटचे एक घर रोज संध्याकाळी पाच तास उजळायला महिन्याला साडेसात युनिट पुरतात. ८७ युनिटांत अशी अकरा घरे उजळतात. आणि ही वीज आमच्या घरात कोणाच्या सुखासाठी नव्हे, तर केवळ निष्काळजीपणाने जळत होती!

मोठ्या उत्साहाने मी हा हिशेब त्या धडगावच्या मुलाला सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मॅडम, मग ती वाचलेली वीज आमच्या पाड्यावर येते का?"

मी गप्प झाले. खरे उत्तर 'नाही' असे होते. वाचलेली वीज टोपलीत भरून कोणाच्या दारी नेता येत नाही.

मग तिचे काय होते? पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतले ऊर्जा-अभ्यासक गिरीश संत २०१२ साली अकाली गेले. ते आणि त्यांचे सहकारी एक गोष्ट सतत मांडत आले : नवे वीज केंद्र बांधण्याआधी आहे ती वीज वाचवणे हेच एक वीज केंद्र आहे असे समजा, आणि बहुधा तेच सर्वांत स्वस्त असते. यात मखलाशी नाही. आमच्या खानदेशातल्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात तीन पोती कोळसा जाळावा तेव्हा साधारण एका पोत्याइतकीच ऊर्जा विजेच्या रूपाने निघते. त्यातली काही तारांत गळते. म्हणून घरात एक युनिट वाचले की तिकडे एकाहून अधिक युनिटांची निर्मिती वाचते. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. एकेक दिवा नऊ वॅटचा, पण बेरीज केली तर ती वीज केंद्रांच्या भाषेत बोलू लागते.

आणि केंद्र कुठेतरी, कोणाच्या तरी जमिनीवरच उभे राहते. आमच्या जिल्ह्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तापीवरच्या उकाईच्या पाण्यात आमच्या नवापूरकडची गावे गेली. सरदार सरोवराच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुव्याची ३३ गावे आली. त्या धरणाची वीजशक्ती १४५० मेगावॅट, आणि विजेतला २७ टक्के हिस्सा महाराष्ट्राचा. धरणाने तहानलेल्या मुलखाला पाणी दिले, वीज दिली, हे कोणी नाकारू नये. पण त्यातली काही वीज माझ्या रिकाम्या खोलीतल्या पंख्यात आली असेल, तर? वीज आपले गाव सांगत नाही. तेव्हा आपणच विचारलेले बरे.

त्या मुलाला मी हेच सांगितले. "तुझ्या पाड्यावर येत नाही, बाळा. पण आमच्यासारखी लाख घरे शहाणी झाली, तर पुढच्या एखाद्या पाड्यावर नदी उलटी येण्याचे कारण एकाने कमी होईल."

तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "एवढे चालेल, मॅडम." त्याचे समाधान झाले की त्याने माझा मान राखला, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

यंदाही आमच्या दारात आकाशकंदील लागणार आहे, आत एक नऊ वॅटचा दिवा. सासूबाई उंबऱ्यावर तेलाच्या पणत्या मांडतील. गेल्या दिवाळीला मी त्यांना गमतीने विचारले होते, "आई, हा दिवा कोनासाठे?" त्या वात सारत म्हणाल्या, "येणाऱ्यासाठी."

दिवा असाच असावा. कोणासाठी आहे ते ठाऊक असलेला. वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाहुणे गेल्यावर, झोपण्यापूर्वी एकदा मीटरपाशी जाऊन उभे राहा. लाल डोळा लुकलुकत असेल तर घरात मागे फिरा आणि प्रत्येक बटणाला तोच प्रश्न विचारा. ज्याला उत्तर देता येईल ते चालू राहू द्या.